जेकिल नेमका कुठे बदलतो? अभिवाचनासाठी मदत हवी

हरिपूररोड (सांगली)

नमस्कार मंडळी. आमचा सांगलीत हौशी कलाकारांचा छोटा गट आहे. दिवाळीनंतर एका वाचनालयाच्या सभागृहात स्टीव्हन्सनच्या ‘डॉ. जेकिल आणि मि. हाइड’चं अभिवाचन करायचं ठरलंय. औषध पिऊन हाइड नावाचा दुसराच, दुष्ट माणूस होणाऱ्या डॉक्टर जेकिलची ही गोष्ट दहा प्रकरणांची आहे. पहिली नऊ बाकीचे तिघं वाचणार आणि शेवटचं, म्हणजे खुद्द हेन्री जेकिलने लिहून ठेवलेलं निवेदन, मी एकटीने वाचायचं आहे. बाईच्या आवाजात ते ऐकवायचं ही दिग्दर्शकांचीच कल्पना, आणि मला ती आवडली आहे.

अडचण पुढे आहे. त्यांचं म्हणणं, दोन आवाज ठेव. जेकिल मऊ, हाइड घोगरा. तालमीत तसं करायला गेले आणि सर डॅन्व्हर्स कॅऱ्यूच्या खुनापाशी अडकले. म्हाताऱ्याला काठीने झोडपतानाचं वर्णन जेकिलने ‘मी’ म्हणून लिहिलंय. मी झोडपलं, मला प्रत्येक फटक्यात आनंद होत होता, अशा अर्थाचं. आता हे घोगऱ्यात वाचू की मऊ? पुढे काही पानांवर हाइड नुसता बग्गीत बसून रस्त्यांवरून फिरतोय, भ्यालेला, आणि तिथे मात्र जेकिल लिहितो, ‘तो’ म्हणतो मी, ‘मी’ म्हणवत नाही. म्हणजे खून ‘मी’ केला आणि बग्गीत ‘तो’ बसला!

तर प्रश्न असा: जेकिल नक्की कुठे बदलतो? पहिल्यांदा औषध पितो तेव्हा, खुनाच्या रात्री, की अगदी शेवटी? आणि त्याच्याबरोबर हाइडही बदलत जातो का? कृपया प्रसंग धरून सांगा. माणसाच्या मनात सत् आणि असत् असतं वगैरे माझ्याकडे भरपूर आहे, त्याने वाक्य कसं म्हणायचं ते कळत नाही.

बहेबेट (इस्लामपूर)

दोन आवाज ठेवाच. पुस्तक १८८६ ला आलं आणि पुढच्याच वर्षी रिचर्ड मॅन्सफील्ड या नटाने बोस्टनमध्ये ते रंगमंचावर आणलं, १८८८ मध्ये लंडनला. प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत जेकिलचा हाइड व्हायचा, आणि लोक हादरायचे. तेव्हापासून ही गोष्ट नटाची आहे. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सीतास्वयंवर उभं केलं, तिथल्या प्रेक्षकाला काहीतरी बघायला मिळालं पाहिजे. बदल ऐकू आला नाही तर लोक म्हणतील, नुसतं वाचून दाखवलं.

माचीपेठ (सातारा)

ताई, मी साताऱ्यात इंग्रजी शिकवायचो, आता निवृत्त आहे. ही गोष्ट दर पावसाळ्यात एकदा वाचतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आवाज एकच ठेवा. याला पुरावा गोष्टीतच आहे: हस्ताक्षर. शरीर बदलतं, उंची कमी होते, कपडे लोंबायला लागतात, पण अक्षर जेकिलचंच राहतं. हाइडच्या नावाने बँकेत खातं उघडायचं होतं तेव्हा जेकिलने आपलंच अक्षर उलटीकडे कलवून त्याला सही दिली. जेकिलचा वकील मित्र अटरसन, त्याचा कारकून गेस्ट दोन कागद शेजारी ठेवतो तेव्हा तो हेच बोलून दाखवतो, वळण एक आहे, फक्त कल वेगळा. जुना डॉक्टर मित्र लॅनियन याला मदतीसाठी गयावया करणारं पत्र जातं, ते लिहिताना हात हाइडचा आहे आणि अक्षर जेकिलचं. शेवटी धर्मग्रंथाच्या समासात अभद्र शेरे सापडतात, तेही जेकिलच्याच अक्षरात. लेखकाने अक्षर एक ठेवलंय, मग तुम्ही आवाज दोन का करायचे?

आता बदल कुठे होतो ते. माझं वाचन असं, की जेकिल बदलतो तो संतापल्यावर नाही. तो निवांत झाला की बदलतो. पलंगाचा प्रसंग आणि बाकाचा प्रसंग, हे दोन्ही सावकाश वाचून बघा.

पलंगाचा प्रसंग खुनाच्या साधारण दोन महिने आधीचा. रात्री उशिरा भटकून आलाय, नेहमीसारखा जेकिल होऊन झोपलाय. सकाळी जाग येते ती जरा चमत्कारिक. खोली त्याचीच, मोठ्या घरातली, उंच. पलंगाच्या पडद्यांची नक्षी ओळखीची, महोगनीची चौकट ओळखीची. तरी आतून काहीतरी सांगतंय, तू इथे नाहीस, सोहोतल्या हाइडच्या त्या लहान खोलीत आहेस. यावर हा काय करतो? स्वतःशी हसतो. मनाचा अभ्यासक ना! हा भास कशामुळे होत असेल याचा आळसावून विचार करत पडून राहतो, मधूनच पुन्हा डुलकी काढतो. आणि मग नजर हातावर जाते. जेकिलचा हात मोठा, गोरा, भक्कम, डॉक्टरला शोभणारा. पांघरुणावर पडलेला हा हात वाळका, शिरा वर आलेल्या, पेरं सुटलेली, काळवंडलेला, दाट केसांचा. लंडनच्या पिवळट सकाळी तो त्या हाताकडे अर्धा मिनिट नुसता बघत राहतो. भीती त्यानंतर येते, ती एकदम.

त्या अर्ध्या मिनिटाआधीचा जो सुस्त, सुखवस्तू स्वर आहे, तो तुम्हाला सापडला तर प्रसंग हातात आला समजा. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, छान झोप झालीय साहेबांची. इतके दिवस हाइड व्हायला पेला लागायचा. त्या दिवशी नुसती झोप पुरली.

यानंतर तो निवड करतो. मित्रांच्या गोतावळ्यातला, वय झालेला, थोडा असमाधानी डॉक्टरच बरा, असं ठरवतो. पण सोहोचं घर सोडत नाही. हाइडचे कपडेही जाळत नाही. दोन महिने कडक पाळतो आणि मग एका रात्री पुन्हा पितो. त्याच रात्री कॅऱ्यूचा खून. खुनानंतर गुडघ्यावर बसून रडतो, मागच्या दाराला कुलूप लावून किल्ली टाचेखाली चिरडतो. इथे बरेच वाचक म्हणतात, हा बदलला. मला तसं वाटत नाही. हाइड आता फासावर जाणारा माणूस आहे, त्यामुळे तो व्हायची सोयच राहिली नाही. दार बंद झालंय म्हणून हा घरात आहे.

बाकाचा प्रसंग मात्र पूर्ण वाचा, एक शब्दही गाळू नका. आणि त्याची तारीख लावून बघा, फार मोलाची आहे. ८ जानेवारीला जेकिलकडे जेवण झालं. अटरसन होता, लॅनियन होता, तिघे जुन्या दिवसांसारखे रंगले होते. लॅनियनच्या हातात ते पत्र पडतं ९ तारखेच्या संध्याकाळी. म्हणजे रीजंट्स पार्कातला बाक येतो तो मैफलीच्या दुसऱ्याच दिवशी! दोनेक महिने लोकांची दुःखं हलकी करत हिंडलेला, मित्रांनी पुन्हा जवळ केलेला, पोटभर जेवलेला माणूस उन्हात बसलाय. गोठलेलं दव वितळून जमीन ओली, वर आभाळ स्वच्छ, पाखरं बोलतायत. मनातलं जनावर जुन्या आठवणींवर जिभल्या चाटतंय आणि सद्सद्विवेक पेंगतोय, पश्चात्ताप करू, पण एवढ्यात नको. मग विचार येतो, मी तरी इतरांसारखाच की. आणि पुढचा विचार, इतरांपेक्षा बराच म्हणायचा, हे लोक दुसऱ्याकडे ढुंकून बघत नाहीत, मी निदान हात तरी पुढे करतो. तो हसतो. त्या क्षणी पोटात ढवळतं, अंग शहारतं, आणि गुडघ्यावर ठेवलेला हात केसाळ झालेला असतो.

पेला नाही, क्षार नाही, भरदिवसा. आपण चांगले आहोत हे मनाला गोड लागलं आणि हाइड आला. गोष्टीत बदलाची जागा कुठली असं कुणी विचारलं तर मी हाच बाक दाखवीन.

एक वाक्य बहुतेकजण वाचताना ओलांडून जातात. या बाकाच्या थोडं आधी जेकिल कबूल करतो की मी पुन्हा घसरलो, पण या वेळी हाइड होऊन नाही, स्वतःच्याच अंगाने, चारचौघांसारखा चोरून पाप करणारा माणूस म्हणून. काय केलं ते स्टीव्हन्सन सांगत नाही. पण सगळा खटाटोप ज्यासाठी केला होता, की घाण त्या अंगाला लागो आणि हे अंग स्वच्छ राहो, तो तिथेच संपला. भिंत पाडली ती जेकिलने. हाइडला नंतर आत यायला काही अडचणच नव्हती.

आपल्याकडे ‘एकच प्याला’त सुधाकरला पहिला पेला द्यायला तळीराम लागतो. कोर्टातला अपमान लागतो, सनद जावी लागते. जेकिलला असं कुणी भेटत नाही. पैसा आहे, नाव आहे, मित्र आहेत, आणि पेला त्याने स्वतः तयार केलाय. म्हणून त्याच्या निवेदनात रडका सूर लावू नका. निदान अर्ध्यापर्यंत तरी नको.

मिरजस्टेशन (मिरज)

सरांचं पटलं. माझं मिरजेत औषधांचं दुकान आहे, त्यामुळे औषधाच्या बाजूने थोडं.

मात्रेकडे लक्ष द्या. सुरुवातीला एक पेला पुरतो. पुढे एकाहून जास्त वेळा दुप्पट घ्यावी लागते, एकदा तर जिवावर बेतेल अशी तिप्पट. आणि सुरुवातीला जेकिलचं अंग टाकणं अवघड जायचं, पुढे पुढे परत जेकिल होणंच अवघड होत जातं. बाकाच्या दुसऱ्या दिवशी तर दुप्पट घेऊनही सहा तासांत पुन्हा हाइड. शेकोटीसमोर बसला होता तो! शेवटी शेवटी खुर्चीत डोळा लागला तरी जागा होतो तो हाइड म्हणून. सर म्हणतात तो निवांतपणा इथेही आहेच.

दुसरं, ते सॉल्ट, म्हणजे औषधात घालायचा क्षार. जुना साठा संपत आला म्हणून तो नोकर पूलला लंडनभर पिटाळतो. प्रत्येक दुकानाचा माल परत पाठवतो, शुद्ध नाही म्हणून. अखेर त्याला कळतं की अशुद्ध होता तो पहिलाच साठा, आणि काम करत होती ती त्यातली अनोळखी भेसळ. म्हणजे ज्याच्या जोरावर हा स्वतःला दोन माणसांचा मालक समजत होता, ते औषध त्याला कधी माहीतच नव्हतं. दुकानात बसणाऱ्याच्या अंगावर काटा येतो हे वाचून. ताई, हे वाक्य तुमच्या भागात शेवटाकडे येईल. ते हळू म्हणा. सगळा तोरा उतरलेला असतो तिथे.

गावभाग (सांगली)

सर, मला मात्र वाटतं की जेकिल बदलतच नाही. पहिल्या ओळीपासून तो तोच आहे. तरुणपणी मौजमजेची ओढ आणि लोकांत मान वर करून चालायची हौस, दोन्ही हवं, म्हणून लपवाछपवी. औषधाने ती लपवाछपवी फक्त सोपी झाली.

स्टीव्हन्सन एडिंबरोचा. त्या गावात विल्यम ब्रॉडी म्हणून एक होऊन गेला, सुतारकामातला मातब्बर कारागीर, नगरपालिकेवर सभासद, आणि रात्री घरं फोडायचा. १७८८ मध्ये फाशी गेला. त्याने बनवलेलं एक कपाट लहानग्या स्टीव्हन्सनच्या खोलीत होतं. पुढे ब्रॉडीवर त्याने हेन्ली या कवीमित्राबरोबर नाटकही लिहिलं. ब्रॉडीला कुठलं औषध लागलं नाही. दिवसाचा ब्रॉडी आणि रात्रीचा ब्रॉडी एकच होता, जेकिलचंही तसंच. मग ‘बदल’ शोधत बसून वाचनाला कृत्रिम चढउतार कशाला द्यायचे? सपाट वाचलं तरी ते अंगावर येईल.

हरिपूररोड (सांगली)

सगळ्यांचे आभार. सर, पलंगाचा प्रसंग काल तुमच्या सांगण्याप्रमाणे आळसावलेल्या सुरात वाचला. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, पुढे काय झालं? तेवढ्यावर मी दोन आवाजांचा विषय संपवला.

पण गावभाग यांचं म्हणणं डोक्यातून जात नाही. तो तोच असेल तर शेवटी इतका दयनीय का वाटतो? आणि हाइडचं राहिलंच. सुरुवातीचा हाइड पहाटे तीन वाजता रस्त्यात एका लहान मुलीला तुडवून शांतपणे पुढे जातो. शेवटच्या रात्री पूल सांगतो, आत कुणीतरी रडताना ऐकलं. तो हाइडच ना?

माचीपेठ (सातारा)

हो, हाइडच. तुम्ही नेमकी जागा पकडलीत.

गावभाग यांचं अर्धं मला मान्य आहे. स्वभाव एकच आहे आणि तो बदलत नाही. पण त्या स्वभावाचा त्याच्यावरचा ताबा बदलतो. गोष्टीच्या सुरुवातीकडे, तिसऱ्या प्रकरणात, जेकिल अटरसनला छातीठोकपणे सांगतो, मनात आणीन त्या क्षणी मी हाइडला दूर करू शकतो. त्याच प्रकरणाच्या शीर्षकात त्याला निश्चिंत म्हटलंय. शेवटच्या पानांवर ‘मनात आणीन’ म्हणणारा कुणी शिल्लक नाही. ब्रॉडी पकडला गेला तेव्हाही ब्रॉडीच होता. जेकिलला मात्र आरशात बघून खात्री करून घ्यावी लागते. हा फरक मला लहान वाटत नाही.

हाइडचं असं. आधी तो लहानखुरा, तरुण, हलका असतो. जेकिल सांगतो की आयुष्याचा बहुतेक भाग सदाचरणात गेल्यामुळे ही बाजू कमी वापरली गेली, म्हणून अंगाने लहान. पहिल्यांदा आरशात पाहिलं तेव्हा त्याला किळस आली नाही, उलट या चेहऱ्याचं स्वागतच केलं, हाही मीच म्हणून. त्या हाइडला भीती ठाऊक नाही, कारण चटके बसायचे ते जेकिलला. मुलीच्या नातेवाइकांना शंभर पौंड देताना धनादेशावर सही कुणाची होती बघा!

खुनानंतर हाइडला लपायला एकच जागा उरते: जेकिल. आता त्याला फास दिसतो, जगावंसं वाटतं, त्यासाठी तो लॅनियनच्या दारात उभा राहतो. भीती आणि जिवाची ओढ आली की माणूस होतो माणूस, कितीही नीच असला तरी. म्हणून तो रडतो. आणि जेकिल त्याचा द्वेष करता करता शेवटी त्याची कीव करतो. हे म्हणतानाचा सूर मला कागदावर सांगता येणार नाही, तुम्हीच शोधा. फक्त बापाच्या तसबिरीचा उल्लेख येतो तिथे घाई करू नका. हाइडने ती नष्ट केलेली असते. जेकिलच्या लहानपणाबद्दल आख्ख्या गोष्टीत फार थोडं आहे, त्यातलं एक ते.

तुमच्या ‘मी’ आणि ‘तो’चं उत्तरही यातच आहे. खुनाच्या वेळी आनंद होता, म्हणून ‘मी’. बग्गीत नुसती भीती आणि द्वेष आहे, तो माणूस जेकिलला आपला म्हणायचा नाही, म्हणून ‘तो’. आवाज तोच ठेवा आणि ‘तो’ म्हणताना जरा झटकून टाकल्यासारखं म्हणा.

बहेबेट (इस्लामपूर)

मी माझा आग्रह मागे घेत नाही, पण बाकाचा प्रसंग एका आवाजात कसा होतो ते ऐकायला सांगलीला येणार. तारीख कळवा.

हरिपूररोड (सांगली)

तारीख ठरली की इथेच लिहिते. सर, एक शेवटचं. भाग लांबतोय, कुठे कात्री लावू? आणि लॅनियनचं प्रकरण गाळून थेट माझ्यावर यावं असा एक विचार गटात आहे.

माचीपेठ (सातारा)

लॅनियन गाळू नका. त्याने बाहेरून पाहिलंय, तुम्ही आतून सांगणार. आधी त्याचा धसका ऐकला नाही तर जेकिलचं सगळं बोलणं स्वतःची वकिली वाटेल. कात्री लावायचीच तर निवेदनाच्या सुरुवातीला शरीर आणि आत्मा यांवरचं जे लांबण आहे तिथे लावा. त्यातलं एक मात्र ठेवा: माणूस दोन आहे असं मी म्हणतो, कारण माझं ज्ञान तिथवरच पोचलं, पुढचे शोधतील त्यांना कदाचित बरेच सापडतील.

आणि बसण्याचं बघा. हे निवेदन तो जुन्या भुकटीची अखेरची पुडी घेऊन लिहितोय. लिहिता लिहिता बदल झाला तर हाइड कागद फाडून टाकील ही धास्ती आहे. पाठ टेकली की संपलं, हे आता त्याला पक्कं कळलंय. तुम्हाला सभागृहात हातांची खुर्ची देतील, ती घेऊ नका.

हरिपूररोड (सांगली)

स्टूल मागितलंय. दिग्दर्शक पलंग आणि बाक एका आवाजात ऐकायला तयार झालेत, बाकीचं ऐकून ठरवू म्हणाले. मिरजस्टेशन, सॉल्टच्या वाक्यावर मी जिथे थांबते तिथे त्यांना आणखी थांबायला हवंय, तेवढं मान्य केलं.